दहावीनंतर लेकीला आयबी डिप्लोमा, की अकरावी सायन्स? (दारव्हा तालुक्यातून विचारते आहे)

अडाणकाठ | १६ मे, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथं नुसतं वाचत होते, धागा पहिल्यांदाच काढते आहे.

आम्ही दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. सहा एकर कोरडवाहू शेती, पऱ्हाटी, तूर, थोडं सोयाबीन. मी गावच्या पोस्टात ग्रामीण डाक सेवक आहे. मोठी लेक यंदा सेमी-इंग्रजीतून दहावी झाली, ९३ टक्के. धाकटा सातवीत आहे.

दिवाळीनंतर तिच्या विज्ञानाच्या सरांनी पुण्याजवळच्या एका निवासी शाळेचा फॉर्म भरायला लावला. आम्ही फार मनावर घेतलं नव्हतं. लेखी झालं, मुलाखत झाली, आणि तिची निवड झाली. शिक्षण, राहणं, जेवण यांचा बहुतेक खर्च शिष्यवृत्तीतून होणार आहे. तिथं अकरावी-बारावी नाही, दोन वर्षांचा आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) डिप्लोमा आहे. विज्ञान, गणित, भाषा, अर्थशास्त्र असं सगळं एकत्र.

आता घरात रोज हाच विषय. माझे दीर म्हणतात, नागपूरला क्लास लावा, अकरावी इकडच्या कॉलेजात नावापुरती ठेवा, पोरगी डॉक्टर होईल. माझा भाऊ म्हणतो, यवतमाळला पॉलिटेक्निक करा, तीन वर्षांत हातात काहीतरी येईल. हे काहीच बोलत नाहीत. बियाण्याचा हिशोब मांडत बसतात आणि ऐकत राहतात.

लेकीला मात्र जायचं आहे. मुलाखतीत तिला विचारलं होतं, तुला कशाचा अभ्यास करावासा वाटतो. २०१७ साली आपल्या जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा झाली, माणसं गेली, ते तुम्हाला आठवत असेल. माझा मावसभाऊ तेव्हा आठ दिवस दवाखान्यात होता, वाचला. ती लहान होती, पण तिला ते दिवस आठवतात. ती मुलाखतीत म्हणाली, "औषध अंगावर पडलं की माणसाला काय होतं हे रसायनशास्त्र सांगतं. पण रोजानं आलेला माणूस तोंडाला फडकं न बांधता का फवारतो, हे मला कोणत्या विषयात शिकायला मिळेल?"

मला या प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही. म्हणून तुम्हाला विचारते. हा डिप्लोमा घेतला तर तिची कोणती दारं बंद होतील? ३१ मेपर्यंत शाळेला कळवायचं आहे.


खडूफळा | १६ मे, रात्री ११:१५

ताई, आधी लेकीचं मनापासून अभिनंदन.

मी हिंगणघाटकडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात बावीस वर्षं रसायनशास्त्र शिकवतो आहे. आयबी मी शिकवलेला नाही, पण माझ्या भाचीनं तो केला आणि त्या दोन वर्षांत तिच्या वह्यापुस्तकांत मीही बुडालो होतो.

आपल्याकडं डिप्लोमा म्हटलं की पॉलिटेक्निक डोळ्यांपुढं येतं, त्यामुळं नातेवाइकांचा घोळ होणारच. हा डिप्लोमा बारावीच्या पायरीचा आहे, विद्यापीठात जाण्याआधीचा. ठरावीक अटी पाळल्या तर असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीज, म्हणजे एआययू, त्याला बारावीशी समकक्ष मानते. आयबीची संस्था १९६८ साली जिनिव्हात सुरू झाली. देशोदेशी बदल्या होणाऱ्या लोकांच्या मुलांना कुठल्याही देशातल्या विद्यापीठात चालेल असं प्रमाणपत्र हवं होतं, त्यातून हे निघालं. महाराष्ट्रातही हे काही कालपरवाचं नाही. मुळशी तालुक्यातलं यूडब्ल्यूसी महिंद्रा कॉलेज १९९७ पासून आहे आणि तिथं हाच डिप्लोमा शिकवतात. तुमची शाळा कोणती ते विचारत नाही, इथं लिहूही नका.

रचना अशी. सहा विषय. मातृभाषेच्या तोडीची एक भाषा आणि तिचं साहित्य, दुसरी एक भाषा, एक समाजशास्त्राकडचा विषय (अर्थशास्त्र, इतिहास, भूगोल वगैरे), एक विज्ञान, गणित, आणि सहावा कलाविषय. कला नको असेल तर त्या जागी आणखी एक विज्ञान किंवा दुसरा समाजशास्त्राकडचा विषय घेता येतो. सहापैकी तीन विषय हायर लेव्हलला, म्हणजे साधारण २४० तास शिकवले जातात, आणि तीन स्टँडर्ड लेव्हलला, साधारण १५० तास. प्रत्येक विषयाला ७ गुण, एकूण ४२. त्याशिवाय तीन गोष्टी सक्तीच्या. पहिली, चार हजार शब्दांपर्यंतचा स्वतःच्या शोधावरचा निबंध. दुसरी, थिअरी ऑफ नॉलेज, म्हणजे 'आपल्याला हे कळलं असं आपण कशावरून म्हणतो' याचा अभ्यास. तिसरी, खेळ, कला आणि समाजात जाऊन करायचं काम. निबंध आणि थिअरीचे मिळून जास्तीत जास्त ३ गुण, म्हणून सगळे मिळून ४५. पास व्हायला किमान २४ लागतात, त्यातही हायर लेव्हलच्या तीन विषयांत मिळून १२ हवेत.

तुमच्या लेकीचा प्रश्न वाचून मी वर्गातला फळा आठवला. ऑरगॅनोफॉस्फेट कीटकनाशकं मी दरवर्षी शिकवतो, दोन ओळींत. 'का फवारतो' हे मला कुणी विचारलेलं नाही, आणि विचारलं असतं तर मी अभ्यासक्रमाबाहेरचं आहे म्हणून पुढं गेलो असतो. तिनं जे विचारलं ते शिकण्याची जागा या चार हजार शब्दांत आहे.


तिफन | १७ मे, सकाळी ६:३०

ताई, मी नेरचा. वाईट वाटून घेऊ नका, पण मनातलं सांगतो.

पोट्टी हुशार हाय, त्यात वादच नाई. पण हे थोडं भाषा, थोडं अर्थशास्त्र, थोडं सायन्स, असं सगळं थोडं थोडं शिकून हाती काय येते? माह्या पोरानं दहावीनंतर आयटीआय केला, इलेक्ट्रिशियन, दोन वर्सं. मंग वीज केंद्रात एक वर्स अप्रेंटिस. महावितरणच्या विद्युत सहायकाच्या जाहिरातीले इलेक्ट्रिशियन नाईतर तारतंत्रीचाच आयटीआय लागते, तिथं कोनाचं अर्थशास्त्र चालत नाई. आज तो एकविसाव्या वर्सी घरात पैसे देऊन रायला.

आपल्यासारख्याच्या घरी पोराले लवकर कमावनं भाग असते. एक बोंडअळी आली का सालभराचं गनित मोडते. तुमी पोस्टात आहात, तुमाले महिन्याचा पैसा हाय, म्हनून इतका तरी इचार करता येते. बाकी पोरगी तुमची, निर्नय तुमचा.


अडाणकाठ | १७ मे, सकाळी ८:०५

तिफन भाऊ, वाईट कशाला वाटेल? तुमच्या पोराचं वाचून बरं वाटलं. घरात पैसा लवकर यावा ही गोष्ट आमच्याही डोक्यात आहेच. धाकट्याला हात वापरून कामं करायला आवडतात, त्याच्यासाठी तुमचं म्हणणं मी वहीत लिहून ठेवलं.


सतरा_नंबर | १७ मे, दुपारी १:४०

माझं थोडं ऐका, कारण मी उलट बाजूनं आलो आहे.

२००६ साली दहावीनंतर पॉलिटेक्निकला मेकॅनिकल घेतलं. कारण एवढंच की आत्येभाऊ तेच करत होता. तीन वर्षं, सहा सेमिस्टर. अभ्यासक्रम चांगला होता, शिक्षकही चांगले होते. ज्याला त्यातच राहायचं त्याच्यासाठी थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला जायची वाट असते, ती फार मोलाची आहे. पण दुसऱ्या वर्षी मला उमजलं की मला यंत्रात रस नाही, मला शिकवायचं आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत, लहान मुलांना. डी.एड.ला बारावी हवी होती. मग १७ नंबरचा फॉर्म भरून कला शाखेतून बाहेरून बारावी दिली, मग डी.एड. या सगळ्यात माझी तीन वर्षं गेली. आज शिक्षक आहे आणि समाधानी आहे, पण ती वर्षं बापानं ओलिताच्या पाण्यासाठी ठेवलेल्या पैशावर गेली, हे मी विसरत नाही.

पंधराव्या वर्षी मुलाला स्वतःची ओळख पटलेली असते असं आपण धरून चालतो. काहींना असते. ज्यांना नसते त्यांना दोन वर्षं रुंद रस्त्यावर चालू द्यावं असं माझं मत आहे. आयबी असो की साधी बारावी.


मेळघाट_पीएचसी | १७ मे, रात्री १०:२०

डॉक्टर आहे, म्हणून एकच मुद्दा सांगते, पण तो नीट वाचा.

वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेसाठी बारावीच्या पातळीवर भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र तिन्ही घेतलेले असावे लागतात, सोबत इंग्रजी. वर सरांनी सांगितलेली रचना पुन्हा पाहा. एक जागा विज्ञानाची आणि कलेच्या जागी दुसरं विज्ञान, म्हणजे नेहमीच्या मांडणीत दोनच विज्ञानं बसतात. तिसरं बसवायचं तर समाजशास्त्राकडचा किंवा दुसऱ्या भाषेचा विषय सोडून वेगळी मांडणी करावी लागते. विद्यापीठाच्या अटीसाठी ते हवं आहे असं दाखवून शाळेमार्फत आयबीची मंजुरी घ्यावी लागते आणि तेही अगदी सुरुवातीला. आणखी एक. 'एन्व्हायर्नमेंटल सिस्टिम्स अँड सोसायटीज' नावाचा पर्यावरणाचा विषय तिथं विज्ञान म्हणूनही चालतो आणि समाजशास्त्र म्हणूनही. मुलांना तो आवडतो. पण तो घेतला म्हणून जीवशास्त्र घेतल्यासारखं होत नाही.

दिरांना डॉक्टर हवी असेल तर ही गोष्ट आजच बोलून घ्या. दोन वर्षांनी कळण्यात फार दुःख आहे. माझ्या ओळखीत हे घडलेलं आहे.

आणि 'नागपूरला क्लास, कॉलेज नावापुरतं' याबद्दलही सांगते. मी त्याच वाटेनं डॉक्टर झाले. दोन वर्षांत प्रयोगशाळेत मी मोजून चार वेळा गेले. एकही कविता वाचली नाही. पहिल्या वर्षी एम.बी.बी.एस.ला प्रेताजवळ उभी राहिले तेव्हा माणसाच्या मरणाबद्दल कुणाशी काय बोलायचं हेही कळत नव्हतं. आज कोरकू बायका माझ्यासमोर बसतात, बाळ दगावलेलं असतं, आणि मला त्यांची भाषा शिकावी लागते, त्यांचा इतिहास शिकावा लागतो. ते शिक्षण मला उशिरा मिळालं.


अडाणकाठ | १८ मे, सकाळी ७:३०

डॉक्टर ताई, रात्री तुमचा प्रतिसाद मोठ्यानं वाचून दाखवला. दीर उठून बाहेर गेले. लेक म्हणाली, "आई, मला डॉक्टर व्हायचं असं मी कधीच म्हटलेलं नाही, ते काका म्हणतात." तिला शेतीकडचं काहीतरी करायचं आहे. अकोल्याला पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात सहलीला गेली होती, तेव्हापासून तिथल्या कापसाच्या वाणांबद्दल बोलत असते. मग तिला रसायन आणि जीवशास्त्र घेऊ दे का? तिची पसंती तीच आहे.


खडूफळा | १८ मे, दुपारी ३:१०

थांबा, इथंच घाई नको.

आपल्या राज्यात बी.एस्सी. कृषीचा प्रवेश एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेवरून होतो. तिचे दोनच गट आहेत, पीसीएम (भौतिक, रसायन, गणित) आणि पीसीबी (भौतिक, रसायन, जीवशास्त्र). 'पी', म्हणजे भौतिकशास्त्र, दोन्हीत आहे. म्हणजे रसायन आणि जीवशास्त्र घेऊन भौतिकशास्त्र सोडलं तर डॉक्टरकीबरोबर अकोल्याचं दारही लागतं. पोरगी शेतीसाठी म्हणून जीवशास्त्र घेईल आणि त्यामुळंच शेतीच्या पदवीला मुकेल.

त्याऐवजी दोन विज्ञानं म्हणून भौतिक आणि रसायन घ्या, गणित सक्तीचं आहेच. झालं पीसीएम. कृषी, अभियांत्रिकी, साधी बी.एस्सी., अर्थशास्त्र, कायदा, सगळ्यांची वाट राहते. एकच दार सरळ उघडं राहत नाही, वैद्यकीयचं. पण गणितातही दोन प्रकार आहेत, तिथं चुकू नका. 'अॅनालिसिस अँड अॅप्रोचेस' आणि 'अॅप्लिकेशन्स अँड इंटरप्रिटेशन'. विज्ञान-अभियांत्रिकीकडं जायची थोडीही शक्यता असेल तर पहिलाच घ्यावा, नावं सारखी वाटतात म्हणून पोरं गोंधळतात. बी.एस्सी. कृषीला आयबीची मुलं कोणत्या कागदांवर घेतात हे कृषी विद्यापीठाला आत्ताच लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

शाळा महाराष्ट्रातच आहे हे तुमचं सुदैव. दहावी आणि बारावी दोन्ही राज्यातून झालेली असली की राज्याच्या कोट्याचा प्रश्न येत नाही. परराज्यात गेली असती तर हा वेगळाच डोंगर होता. आरक्षणातून प्रवेश घ्यायचा असेल तर जात पडताळणीचा अर्ज अकरावीच्या वर्षातच टाका. इकडच्या कॉलेजात बाबू वर्गात येऊन आठवण करून देतो, तिथं कुणी करणार नाही. शाळेचं पत्र घेऊन आपल्या जिल्ह्याच्या समितीकडं जायचं.


अंबानगरी_लीड्स | १८ मे, रात्री ११:५५

मूळचा अमरावतीचा, सध्या इंग्लंडमध्ये. इथं सोळाव्या वर्षी मुलं बहुधा तीनच विषय निवडतात, ए-लेव्हलला. माझ्या मुलानं भौतिक, गणित आणि पुढचं गणित घेतलं. खोली फार छान मिळते, विद्यापीठाचं पहिलं वर्ष सोपं जातं. पण इतिहास त्याला जीव की प्राण होता, तो त्या दिवशी सुटला तो सुटलाच. इथली विद्यापीठं आयबीवरही प्रवेश देतात. एकूण गुण सांगतात आणि हायर लेव्हलच्या विषयांत किती हवेत तेही सांगतात. म्हणून हायर लेव्हलचे तीन कोणते, हा खरा निर्णय. विषय सहा असले तरी खोली तीनच विषयांत आहे.


जिजाऊच्या_गावची | १९ मे, सकाळी १०:४५

मी हा डिप्लोमा केला आहे. सिंदखेडराजा तालुक्यातून, शिष्यवृत्तीवर, मराठी माध्यमातून. त्यामुळं ताईंच्या लेकीला सांगण्यासारखं माझ्याकडं पुष्कळ आहे.

पहिले चार महिने मी रोज रडले. इंग्रजी वाचता यायचं, पण वर्गात बोलायची वेळ आली की वाक्य डोक्यात मराठीत तयार व्हायचं आणि तोंडात येईपर्यंत चर्चा पुढं गेलेली असायची. पहिल्या सत्रात रसायनात सातपैकी तीन मिळाले. दहावीत मला विज्ञानात ९७ होते. हे तिला आत्ताच सांगून ठेवा. तीन मिळाले म्हणजे ती ढ झाली असं नाही. तिथं उत्तर पाठ असून भागत नाही, प्रयोग स्वतः रचायचा असतो आणि तो का फसला हे लिहायचं असतं. फसलेल्या प्रयोगावर नीट लिहिलं तर चांगले गुण मिळतात, हे मला पटायला वर्ष लागलं.

काम संपत नाही. परीक्षा शेवटी असते, पण प्रत्येक विषयात शाळेत करायचे प्रकल्प असतात आणि त्यांचे गुण अंतिम निकालात धरतात. दुसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात सगळं एकदम अंगावर येतं. या सगळ्यासोबत जेईईची तयारी करू म्हणणारी दोन मुलं माझ्या वर्गात होती, दोघांनीही ती सोडली. आयआयटी हेच स्वप्न असेल तर हा रस्ता घेऊ नये, असं मी स्पष्ट सांगेन.

पण निबंधाबद्दल सांगते. मी अर्थशास्त्रात लिहिला. आमच्या भागातल्या बाजार समितीत सोयाबीनचा भाव हमीभावाच्या खाली का राहतो, हा विषय. बाबांनी आठ वर्षांच्या पट्ट्या, म्हणजे माल विकल्याच्या पावत्या, एका पिशवीत जपून ठेवल्या होत्या, त्या मी मांडल्या. ओलावा किती टक्के लावला, हमाली-तोलाई किती कापली, आवक वाढली त्या आठवड्यात भाव किती पडला. मार्गदर्शक बाई केरळच्या, त्यांना सोयाबीनचं काही माहीत नव्हतं. त्या फक्त विचारत राहायच्या, 'हे तू कशावरून म्हणतेस?' दिवाळीत घरी आले तेव्हा बाबा आणि मी रात्री दोनपर्यंत त्या पट्ट्या वाचत बसलो. सोळा वर्षांत बाबा माझ्याशी शेतीच्या पैशाबद्दल पहिल्यांदा बोलले.

त्रास कुठं झाला तेही लिहिते. मे महिन्यातल्या परीक्षेचा निकाल जुलैच्या पहिल्या आठवड्यात लागतो, तोवर आपल्याकडचे प्रवेश सुरू झालेले असतात. मला ज्या कॉलेजात जायचं होतं तिथल्या कार्यालयात समकक्षतेचं पत्र कुणी पाहिलेलंच नव्हतं. 'बारावीची मार्कशीट आणा' हेच ऐकत दोन आठवडे गेले. शेवटी दुसरीकडं प्रवेश घेतला. म्हणून एआययूचं पत्र, टक्केवारीत रूपांतर, शाळेचं विषयवार पत्र, हे सगळं निकालाच्या आठवड्यातच मिळवायच्या तयारीत राहा.

शाळेला तीन गोष्टी लेखी विचारा. परीक्षेची फी शिष्यवृत्तीत आहे का? लॅपटॉप कोण देणार? दोन वर्षांत शिष्यवृत्ती गुणांवर कमी होऊ शकते का? शिष्यवृत्तीविना आयबीच्या शाळांची फी वर्षाला काही लाखांत असते, त्यामुळं 'बहुतेक खर्च' या शब्दावर राहू नका.


मोहफूल | १९ मे, सायंकाळी ६:१५

गडचिरोलीहून लिहितो. ताईंच्या लेकीला मिळालं ते लाखात एखाद्याला मिळतं, तिनं जावं असंच मला वाटतं. पण हा धागा वाचणाऱ्या बाकीच्या आईबापांसाठी एक लिहितो.

रुंद शिक्षण आपल्या बोर्डातही मागता येतं. सायन्सच्या पोराला भूगोल घेता येतो, आर्ट्सच्या पोराला गणित घेता येतं, कागदावर. गावच्या कॉलेजात मात्र विषय शिक्षकांवर ठरतात. आमच्याकडं आर्ट्स घेतलं की इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्र ठरलेलं. मी हट्टानं भूगोल मागितला, त्यासाठी वीस किलोमीटरवरच्या कॉलेजात गेलो. पुढं वनरक्षक भरती निघाली तेव्हा अट होती, बारावीला विज्ञान, गणित, भूगोल किंवा अर्थशास्त्र यातला एक विषय हवा. माझ्यासोबतच्या किती पोरांना तिथूनच परत जावं लागलं. चौदा वर्षं जंगलात नोकरी करतोय, एका विषयाच्या जोरावर. २०२० च्या शैक्षणिक धोरणात कला, विज्ञान, व्यवसाय यांच्यामधल्या भिंती काढायचं लिहिलं आहे. भिंत काढायची तर भूगोलाचा मास्तर आधी नेमावा लागेल.

अकरावीचा फॉर्म भरताना पोराला फक्त शाखा विचारू नका. त्या कॉलेजात कोणते विषय खरोखर शिकवतात ते जाऊन बघा.


तिफन | १९ मे, रात्री ८:४०

ह्या बुलढान्याच्या ताईचं सोयाबीनच्या पट्ट्याचं वाचलं. माह्या घरी भी अशा पट्ट्या हायेत, एका डब्यात. त्याच्यावर अभ्यास होते हे मले ठाऊक नोतं.

पर एक इचारतो. इतकं इंग्रजीत शिकून पोरगी मराठी इसरून जाईन का?


खडूफळा | १९ मे, रात्री ९:३०

तिफन भाऊ, उलट सोय आहे. पहिल्या भाषेच्या जागी स्वतःच्या मातृभाषेचं साहित्य घेता येतं. शाळेत त्या भाषेचा शिक्षक नसला तरी शाळेच्या देखरेखीखाली स्वतः अभ्यास करून परीक्षा देता येते, मात्र स्टँडर्ड लेव्हललाच. मराठीसाठी शाळेला आयबीकडं वेळेत मागणी करावी लागेल, म्हणून ताईंनी पहिल्याच फोनला विचारावं. मंजुरी मिळाली तर ही पोरगी मराठी कादंबऱ्या-कविता जितक्या बारकाईनं वाचेल तितक्या आमच्या सायन्सच्या वर्गात कुणी वाचत नाही. अनेक पोरं तर गुण मिळतात म्हणून मराठी सोडून आयटी घेतात.


अडाणकाठ | २४ मे, रात्री १०:१०

उशीर झाला, माफ करा. दोन दिवस पोस्टात नेटवर्क नव्हतं, त्यात मान्सूनपूर्व पावसानं गोठ्याचे टिन उडाले.

शाळेशी बोललो. फोन स्पीकरवर ठेवला होता आणि सगळे भोवती बसलो होतो, दीरसुद्धा. परीक्षेची फी शिष्यवृत्तीत आहे. लॅपटॉप शाळा वापरायला देते, शेवटी परत करायचा. प्रवासखर्च आपला. गुण कमी पडले म्हणून शिष्यवृत्ती काढत नाहीत, पण वर्तणुकीची अट आहे. हे सगळं ई-मेलवर मागितलं, आलं. मराठीसाठी ते मागणी करणार आहेत. मंजूर झाली तर आमची लेक तिथं पहिली.

विषय तिनं स्वतः लिहून काढले. मराठी साहित्य, इंग्रजी, अर्थशास्त्र, भौतिक, रसायन आणि गणितातला 'अॅनालिसिस' वाला. हायर लेव्हलला रसायन, अर्थशास्त्र आणि इंग्रजी. जीवशास्त्र सोडताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. सरांनी सांगितलेलं सगळं तिला समजावलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे बोंडअळी मला आपल्या शेतातच शिकावी लागेल." अकोल्याला पत्र पाठवलं आहे, स्पीड पोस्टानं, माझ्याच हातानं शिक्का मारून.

दिरांना मी एकच विचारलं, बारावीनंतर तिला डॉक्टर व्हावंसं वाटलं तर? ते म्हणाले, मग एक वर्ष जास्त देऊ. मला वाटलं नव्हतं ते असं म्हणतील.

ह्यांनी काल रात्री पहिल्यांदा तोंड उघडलं. लेकीला म्हणाले, "तू तिथं जाऊन जे लिहिशील ते मला वाचता आलं पाहिजे." आता ती म्हणते आहे, निबंध इंग्रजीत लिहीन आणि बाबांसाठी मराठीत उतरवून आणीन.

अकरावीचा ऑनलाइन फॉर्मही भरून ठेवणार आहोत, शाळेत प्रत्यक्ष दाखल होईपर्यंत. कळवायला अजून आठवडा आहे, पण होकार उद्याच पाठवते.

आता एक साधा प्रश्न. आमच्याकडून पुण्याला जायची गाडी कुठून धरावी? शकुंतला रेल्वे होती तेव्हा दारव्ह्याहून मूर्तिजापूर गाठता यायचं, आता तीही नाही. सोबत ट्रंक आणि गादी आहे.


तिफन | २५ मे, सकाळी ५:५५

ताई, महाराष्ट्र एक्सप्रेस धरा. धामनगावले थांबते, बडनेऱ्याले भी थांबते, तुमाले बडनेरा सोयीचं. एसटीत ट्रंक चढवत बसू नका. नेरपर्यंत या, माही गाडी हाय, मी बडनेऱ्याले सोडून देतो. जायचा दिवस तेवढा आधी सांगा.

आन् पोरीले म्हना, माह्या डब्यातल्या पट्ट्या लागल्या तं घेऊन जाय. दोन हजार बारापासूनच्या हायेत, कापसाच्या.